‘मी’ची साक्ष : अमळनेरचे तत्त्वचिंतन आणि मनोरुग्णाच्या अनुभवाचा प्रश्न

प्रास्ताविक

मानसिक आजारावरील उपचारांचा इतिहास सामान्यतः रुग्णालये, कायदे आणि औषधे यांच्या आधारे लिहिला जातो. ज्याच्यावर उपचार झाले त्याचे म्हणणे या इतिहासात क्वचितच येते. ते ज्ञान म्हणून ग्राह्य धरावे की आजाराचे लक्षण म्हणून नोंदवावे, याचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. हा निर्णय वैद्यकशास्त्राचा वाटत असला तरी त्याच्या मुळाशी तर्कशास्त्राचा आणि भाषेच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. ‘मी’ या शब्दाच्या आधारे जे सांगितले जाते, त्याचे प्रामाण्य कोणत्या प्रकारचे असते, हा तो प्रश्न होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचा सूक्ष्म विचार खान्देशातील अमळनेर येथे झाला. त्याच शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात मनोरुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या अनुभवाला वाचा देणारे कार्य उभे राहिले, आणि त्यातील एक धागा धुळ्याशी जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा एकत्र मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्यामध्ये थेट विचारपरंपरा होती, असा दावा येथे नाही. साम्य आहे ते प्रश्नाचे.

१. अमळनेर आणि ‘मी’ या शब्दाचा अर्थ

गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. तत्कालीन पूर्व खान्देश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, या तालुक्याच्या गावी पुढील काळात घ. र. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे अभ्यासक एकत्र आले. १९२५ पासून येथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. पुढे १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने निघालेले ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्याच परंपरेतील होय.

कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० मध्ये याच संस्थेने प्रकाशित केला. नंतर काही काळ ते संस्थेचे संचालकही होते. या छोट्या परंतु कठीण ग्रंथाचा आरंभबिंदू ‘मी’ हा शब्द आहे. ‘घट’ हा शब्द कोणीही उच्चारला तरी त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू बदलत नाही. ‘मी’ हा शब्द मात्र प्रत्येक वक्त्याबरोबर बदलतो, आणि ऐकणाऱ्याला तो ज्या अर्थाने उच्चारला गेला त्याच अर्थाने स्वतःच्या तोंडी घेता येत नाही. म्हणून ‘मी’ हे जगातील अनेक वस्तूंपैकी एका वस्तूचे नाव ठरत नाही. ज्ञाता हा ज्ञेय वस्तूंच्या यादीत बसत नाही, हे भट्टाचार्यांचे प्रतिपादन या भाषिक निरीक्षणावर उभे आहे.

याच ग्रंथात त्यांनी देहाचाही विचार केला आहे. बाहेरून दिसणारा देह आणि आतून जाणवणारा देह यांत ते भेद करतात. हा भेद उपचारांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. औषधाने रुग्णाच्या हाताला कंप सुटला किंवा त्याचे वजन वाढले, तर ते वैद्याला दिसते व मोजता येते. परंतु अंग स्वतःचे वाटेनासे झाले, विचारांवर जाड पडदा पडला, हे केवळ रुग्णच सांगू शकतो. पहिली गोष्ट मोजमापात सापडते म्हणून ती खरी आणि दुसरी सापडत नाही म्हणून ती संशयास्पद, असे मानण्यास कोणताही तार्किक आधार नाही.

२. रज्जुसर्प आणि अनुव्यवसाय

येथे एक आक्षेप अपरिहार्यपणे पुढे येतो. मनोरुग्णाला जे प्रतीत होते ते अनेकदा वस्तुस्थितीला धरून नसते. मग त्याच्या साक्षीला मोल कोणते? या आक्षेपाचे उत्तर देण्याची सामग्री भारतीय दर्शनांत आहे. मलकानी, दास आणि मूर्ती यांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात अज्ञानाचे स्वरूप व भ्रमाची उपपत्ती यांविषयी तिघांनी परस्परभिन्न मते मांडली. रज्जूवर भासणारा सर्प खरा नसतो. परंतु तो भासला ही घटना, आणि त्यामुळे उत्पन्न झालेले भय, यांना असत्य म्हणता येत नाही.

न्यायदर्शनात हाच मुद्दा वेगळ्या परिभाषेत येतो. ‘हे रजत आहे’ हा व्यवसाय चुकीचा असू शकतो. परंतु ‘मला रजताचे ज्ञान होत आहे’ हा अनुव्यवसाय त्या चुकीमुळे बाधित होत नाही. ‘मला आवाज ऐकू येतात’ हे विधान आणि ‘शेजारी माझ्या डोक्यात आवाज सोडतात’ हे विधान यांतील अंतर नेमके हेच आहे. दुसरे विधान जगाविषयी आहे, ते तपासता येते आणि असत्य ठरू शकते. पहिले विधान अनुभवाविषयी आहे, आणि दुसरे असत्य ठरल्याने ते असत्य ठरत नाही. रुग्णाचे सर्वच म्हणणे खरे मानावे, असा याचा अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारचे विधान खोटे ठरले म्हणून पहिल्या प्रकारचे विधानही बाद करणे, हा तर्कदोष आहे, एवढाच याचा अर्थ.

कार्ल यास्पर्स यांनी १९१३ मधील आपल्या मनोविकृतिविषयक ग्रंथात कार्यकारणाने स्पष्टीकरण देणे आणि आतून समजून घेणे यांत भेद केला होता. मात्र खऱ्या संभ्रमाचे असे आकलन होऊ शकत नाही, अशी मर्यादाही त्यांनी घातली. अनुव्यवसायाची कल्पना या मर्यादेपुढे एक पाऊल टाकते. संभ्रमाचा आशय आपल्याला समजला नाही, तरी संभ्रम अनुभवणाऱ्याची साक्ष ग्राह्य राहते.

३. तृतीय पुरुषातील नोंद

प्रत्यक्ष इतिहासात ही साक्ष फारशी ग्राह्य राहिली नाही. १९१२ च्या इंडियन ल्यूनसी ॲक्टनुसार एखाद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी नातेवाइकाचा अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. या तिन्ही दस्तऐवजांत संबंधित व्यक्ती ‘तो’ किंवा ‘ती’ या रूपातच येते. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ मध्ये अंमलात आला. त्याने भाषा बदलली, परंतु सक्तीच्या दाखल्याची मूळ चौकट टिकून राहिली.

खान्देशापुरते पाहता या प्रक्रियेला अंतराची जोड मिळाली. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही खान्देशात नाही. त्यामुळे सक्तीने दाखल होणारा येथील रुग्ण घरापासून दूर जाई आणि बोलीपासूनही दूर जाई.

या व्यवस्थेतील तार्किक पेच स्पष्ट करणे आवश्यक आहे. रुग्ण ‘मी आजारी आहे’ असे म्हणाला, तर निदानास पुष्टी मिळते. ‘मी आजारी नाही’ असे म्हणाला, तर त्याला स्वतःच्या आजाराची जाणीव नाही असे नोंदवले जाते, आणि तेही निदानास पुष्टी देते. एखादे विधान आणि त्याचा निषेध या दोहोंतून एकच निष्कर्ष निघत असेल, तर बोलणाऱ्याच्या बोलण्याला पुरावा म्हणून काहीच वजन उरत नाही. आजाराची जाणीव नसणे ही वास्तविक अवस्था आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती सिद्ध करण्यासाठी रुग्णाच्या नकाराव्यतिरिक्त स्वतंत्र पुरावा हवा.

४. द्वितीय पुरुष : कुटुंबाचा आवाज

या कोंडीतून पहिला मार्ग काढला तो कुटुंबीयांनी. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील स्किझोफ्रेनियाच्या दीर्घ अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली त्याची बहीण यांच्या नात्यातून हा चित्रपट आजाराकडे पाहतो.

ज्याचा व्यवसायच समूहाच्या आकड्यांचा, त्याने एका व्यक्तीच्या दुःखाकडे वळावे, ही बाब लक्षणीय आहे. येथे रुग्ण ‘तो’ राहत नाही. तो ‘तू’ होतो. समाजातील भीती व कलंक कमी करण्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. तरीही ‘तू’ म्हणणारा आवाज काळजी घेणाऱ्याचा असतो. काळजी घेणारा आणि घेतली जाणारा यांचे हित बहुतेक वेळा एक असते. परंतु दाखल करण्याच्या प्रसंगी ते भिन्न होऊ शकते.

५. प्रथम पुरुष : भार्गवी दावर

तिसरी भूमिका भार्गवी दावर यांनी मांडली. मुंबईच्या आयआयटीमधून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेल्या दावर यांनी परमेश्वर भट यांच्यासह १९९५ मध्ये मनोविश्लेषणावर ग्रंथ लिहिला. मनोविश्लेषणाची विधाने खोटी ठरविता येत नाहीत, हा कार्ल पॉपर यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. मनोविश्लेषणाचे मूल्यमापन नैसर्गिक विज्ञानाच्या नव्हे, तर मानव्य विज्ञानाच्या निकषांवर व्हावे, अशी या ग्रंथाची दिशा आहे. १९९९ मध्ये दावर यांनी पुण्यात आईच्या स्मरणार्थ ‘बापू ट्रस्ट फॉर रिसर्च ऑन माइंड अँड डिस्कोर्स’ ही संस्था स्थापन केली. आईचे मनोरुग्णालयातील आयुष्य त्यांनी बालपणी पाहिले होते. संस्थेच्या नावात ‘मन’ आणि ‘संभाषित’ शेजारी यावेत, हे अर्थपूर्ण आहे. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने पूर्वोक्त तार्किक पेच काही अंशी सोडविला. कलम ४ नुसार एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता नाही असे ठरविता येत नाही. कलम ५ नुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. कलम ९५ ने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता शॉक देण्यास, तसेच रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. तथापि संमतीविना दाखल करण्याची वाट या कायद्यात शिल्लक आहे, आणि त्यामुळे तो कराराशी पुरेसा सुसंगत नाही, ही दावर यांची टीका होती.

समारोप

कायद्याने रुग्णाचे म्हणणे ऐकण्याची मुभा दिली. ते कोणत्या भाषेत ऐकायचे, हा प्रश्न उरतोच. ‘जीव घाबरा होतो’, ‘जिवाची घालमेल होते’ यांतील ‘जीव’ हा केवळ देह नव्हे आणि केवळ मनही नव्हे. भट्टाचार्यांचा आतून जाणवणारा देह या शब्दाच्या बराच जवळ आहे. केसपेपरवर त्याचे रूपांतर ‘अँक्झायटी’ या एका शब्दात होते, तेव्हा अनुभवाचा एक भाग गळून पडतो. अहिराणी, लेवा बोली, भिल्ली व पावरी बोलणाऱ्यांच्या बाबतीत ही गळती दुहेरी होते. बोलीतून प्रमाण मराठीत आणि तेथून इंग्रजी निदानात.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या दृष्टीने येथे संशोधनाचे एक मोठे क्षेत्र मोकळे आहे. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि मराठी या तीन विभागांनी एकत्र येऊन, संबंधितांच्या पूर्ण संमतीने व त्यांची ओळख गुप्त राखून, उपचारांचे अनुभव त्यांच्याच बोलीत व प्रथम पुरुषात नोंदविल्यास एक मोलाचा संग्रह निर्माण होईल. अशा नोंदींचे शब्द प्रमाण भाषेत सुधारून घेण्याचा मोह मात्र टाळावा लागेल. ‘मी’ म्हणणाऱ्याच्या जागी दुसऱ्या कोणालाही उभे राहता येत नाही, हे अमळनेरहून १९३० मध्येच सांगून झाले आहे. मनोरुग्णाच्या बाबतीत ते मान्य करण्यास विद्यापीठीय ज्ञानाने यापुढे विलंब लावू नये.