जॅकेटच्या चेनवरची चमकणारी पट्टी कशी काम करते? रात्रीच्या रस्त्यावर तिच्यावर किती भरवसा ठेवावा?

रात्री मोबाईलचा फ्लॅश मारला की जॅकेटची चेन ट्यूबलाईटसारखी उजळते, असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. रेनकोट, विंडचीटर, ट्रॅकसूट, शाळेची बॅग, बाईकवर घालायचे जॅकेट अशा कितीतरी वस्तूंवर आता अशी चेन मिळते. 'रात्री सुरक्षित' असे लिहून ती विकलीही जाते.

या पट्टीत ना बल्ब असतो, ना सेल, ना अंधारात चमकणारा रंग. मग ती उजळते कशी? आणि ट्रक-टिप्पर धावतात त्या रस्त्यावर ती खरोखर उपयोगी पडते का? समजून घेऊया.

राजुऱ्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका वर्धा नदीच्या काठी आहे. नदीपलीकडे बल्लारपूर. तालुक्यात सास्ती, गोवरी, पोवनी इथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणी आहेत. शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे कोळसा आणि सिमेंटची वाहतूक इथल्या रस्त्यांवर दिवसरात्र चालते.

त्याच रस्त्यांवर पाळी संपवून दुचाकीने घरी निघालेले कामगार असतात, पहाटे फिरायला निघालेली माणसे असतात, रात्री वीज आली म्हणून ओलिताला निघालेले शेतकरी असतात आणि हंगामात कापसाच्या बैलगाड्याही असतात. थंडीत नदीकाठी धुके उतरते.

आता थोडे गणित पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. एकूण अंतर झाले ५५ मीटरच्या आसपास. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते. गडद कपड्यातला माणूस मात्र डिपरच्या उजेडात पुष्कळदा ५० मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. हा फरक भरून काढणे हे रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे काम.

प्रकाश परत कसा फिरतो?

पांढऱ्या भिंतीवर उजेड टाकला तर तो सगळीकडे विखुरतो. आरशावर तिरका टाकला तर पलीकडच्या बाजूला जातो. रिफ्लेक्टिव्ह पट्टी मात्र आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. म्हणून ज्याच्या गाडीचा दिवा, त्यालाच ती झगझगीत दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी साधी राखाडी दिसते.

हे दोन पद्धतींनी साधते.

पहिली पद्धत काचेच्या मण्यांची. कपड्यावरच्या राखाडी पट्टीत केसाच्या जाडीएवढे बारीक काचेचे मणी दाटीने बसवलेले असतात. प्रत्येक मणी भिंगाचे काम करतो. आत शिरलेला किरण वाकून मण्याच्या मागच्या बाजूला एकवटतो, तिथल्या ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर आदळतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. यासाठी खास काच लागते. तिचा अपवर्तनांक १.९ च्या आसपास असतो, खिडकीच्या काचेचा साधारण १.५.

दुसरी पद्धत प्रिझमची. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना काटकोनात मिळतात, तसे सूक्ष्म कोपरे प्लास्टिकच्या थरात घडवतात. कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही बाजूंवर आपटून उलट दिशेने निघतो. ट्रकच्या मागे लाल आणि बाजूला पिवळी पट्टी असते, तिच्यात बहुधा हीच रचना असते. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर अशाच कोपऱ्यांचा छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी 'नासा'च्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने लेसर सोडून त्यावरून परत आलेला प्रकाश टिपला.

निसर्गातही याच्याशी मिळतेजुळते उदाहरण आहे. जंगलातल्या रस्त्यावर चितळाचे किंवा वाघाचे डोळे गाडीच्या उजेडात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यातल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. रस्त्यात बसवलेल्या 'कॅट्स आय'चे नावही मांजराच्या डोळ्यावरूनच पडले. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

चेनची पट्टी कशी बनते?

आपण जिला चेन म्हणतो, तिचे तीन भाग असतात: दात, ते जुळवणारा रनर आणि दात ज्यावर बसतात ती कापडी पट्टी. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये अशा बंदाचे पेटंट घेतले. आजच्यासारखी दातांची रचना गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास तयार केली.

कापडी पट्टी दोन प्रकारांनी बनते. एक मागावर विणलेली, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची. दुसरी निटेड, म्हणजे बनियन किंवा स्वेटरसारखी, एकात एक अडकलेल्या टाक्यांची. टाक्यांची पट्टी हलकी आणि लवचिक असते. पातळ जॅकेटवर चेन ताठ राहून पोटाशी फुगते, तो त्रास तिच्यात कमी होतो. काही चेनमध्ये दातांची नायलॉन किंवा पॉलिस्टरची सर्पिल तारही त्याच टाक्यांत गुंतवतात.

आता या पट्टीत चमक कशी आणायची? सोपा मार्ग म्हणजे मण्यांचा थर असलेली फिल्म उष्णतेने वर चिकटवायची. पण चेन सतत वाकते, त्यामुळे फिल्मला भेगा पडण्याची आणि कडा सुटण्याची भीती असते. दुसरा मार्ग म्हणजे ती फिल्म अगदी अरुंद कापून तिचा चपटा धागा करायचा आणि तो विणीतच घालायचा.

इथे एक अडचण येते. टाका घालताना धागा तीव्र वळतो. चपटा रिफ्लेक्टिव्ह धागा तसा वळवला तर त्यावरचे मणी सुटू शकतात, धागा पिळला तर चमकणारी बाजू आत जाते. म्हणून साध्या धाग्याचे टाके घालून त्यांच्या आधाराने रिफ्लेक्टिव्ह धागा सरळ पडून राहील अशी वीण करतात. तो पट्टीच्या दर्शनी बाजूलाच राहावा लागतो. रनर जिथे रोज घासतो त्या जागेपासूनही तो लांब असलेला बरा.

हिरवट-पिवळा रंग म्हणजेच रिफ्लेक्टिव्ह का?

नाही. पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो.

डोळ्यात भरणारा हिरवट-पिवळा किंवा भगवा रंग फ्लोरोसंट असतो. तो सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे घेऊन दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो, म्हणून दिवसा, ढगाळ हवेत आणि संधिप्रकाशात ठळक दिसतो. हेडलाईटमध्ये अतिनील किरणे फारशी नसतात, त्यामुळे रात्री हा रंग साध्या फिकट कपड्यासारखाच. रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे उलट आहे. दिवसा ती राखाडी, रात्री उजेड पडला की झळाळते. खाणीत आणि रस्त्याच्या कामावर मिळणाऱ्या जॅकेटमध्ये दोन्ही असतात, ते याच कारणाने.

फोटोत झगझगीत, मग ट्रकचालकाला कमी का दिसते?

मोबाईलमध्ये फ्लॅश आणि कॅमेरा एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. परत आलेला जवळजवळ सगळा प्रकाश थेट कॅमेऱ्यात जातो. रस्त्यावर असे नसते. चालकाचे डोळे हेडलाईटच्या बरेच वर असतात आणि पट्टी प्रकाश परत पाठवते तो अरुंद झोतात.

समजा कारचालकाचे डोळे दिव्यापासून ६० सेंटीमीटर वर आहेत. १०० मीटरवरून हा कोन साधारण ०.३ अंश होतो. ट्रकमध्ये तेच अंतर दीड मीटर धरले तर कोन जवळजवळ ०.९ अंश होतो. फरक लहान वाटतो, पण परिणाम मोठा आहे. ठळक दिसणाऱ्या कपड्यांच्या आयएसओ २०४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात पट्टीकडून ०.२ अंशावर किमान ३३० एकक परावर्तन अपेक्षित आहे. १ अंशावर ही अट फक्त २५ एककांची आहे.

म्हणजे तीच पट्टी, तेवढ्याच अंतरावर, उंच केबिनमधल्या चालकाला कारचालकापेक्षा पुष्कळ मंद दिसू शकते. खाणीतल्या डंपरची केबिन तर आणखी उंच.

मग चेन जॅकेटची जागा घेऊ शकते का?

नाही, आणि त्याची तीन कारणे आहेत.

एक, क्षेत्रफळ. आयएसओ २०४७१ नुसार पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद असावी लागते आणि मधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या कपड्यावर एकूण ०.१३ चौरस मीटर रिफ्लेक्टिव्ह भाग असावा लागतो. ६० सेंटीमीटर लांब चेनच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर चमकणारा भाग धरला तर क्षेत्रफळ होते ०.००६ चौरस मीटर. गरजेच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी.

दोन, दिशा. चेन पुढे असते. मागून येणाऱ्या टिप्परच्या चालकाला ती दिसतच नाही. बाईकवर तर हँडल आणि हेडलाईटच्या झगमगाटामुळे समोरूनही ती हरवते.

तीन, ओळख. उभी चमकणारी रेघ दिसली तरी ती खांबाची, गाडीची की माणसाची, हे चटकन कळत नाही. घोटे, गुडघे, मनगटे अशा हलणाऱ्या जागी पट्ट्या असल्या तर चालणारा माणूस लवकर ओळखू येतो, असे अभ्यासांत आढळले आहे.

चेनचा उपयोग आहे तो जोड म्हणून. छातीवरच्या आडव्या पट्ट्या चेनपाशी तुटतात, तिथली फट ती काही प्रमाणात भरते. समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही तिची थोडी मदत होते.

पाऊस, धूळ आणि धुणे

उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की किरण वाकण्याचे गणित बिघडते आणि चमक घटते. म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा गरज जास्त, तेव्हाच ती कमी काम करते. वर पारदर्शक थर असलेल्या प्रिझमच्या पट्टीवर पावसाचा परिणाम तुलनेने कमी होतो.

कोळशाची आणि सिमेंटची धूळ मण्यांवर बसली की प्रकाश आत शिरतच नाही. त्यामुळे पट्टी धुवायलाच हवी, पण हलक्या हाताने. ब्रश, ब्लीच, जोराने पिळणे आणि पट्टीवर गरम इस्त्री टाळा. लेबलवर किती धुण्यांपर्यंत चमक टिकेल याचा आकडा असेल तर तो लक्षात ठेवा.

घेताना काय पाहावे?

- लेबलवर आयएसओ २०४७१ किंवा भारतीय मानक आयएस १५८०९ लिहिले आहे का? नुसते 'रिफ्लेक्टिव्ह' म्हणजे मानक नव्हे.
- अंधारात दहा पावले लांब जॅकेट टांगा. टॉर्च डोळ्याशेजारी, कानाजवळ धरून पाहा. मग टॉर्च हळूहळू छातीपर्यंत खाली आणा. चमक किती झपाट्याने घटते ते कळेल.
- कपडा ओला करून हीच चाचणी पुन्हा करा.
- रनर वीस-पंचवीस वेळा वरखाली करा. हाताला चमकी लागली किंवा पट्टीच्या कडा सुटल्या तर घेऊ नका.
- पाठीवर काय आहे? काहीच नसेल तर पाठीवर, हेल्मेटच्या मागे आणि पायांना वेगळी पट्टी लावा. तीच पट्टी सायकलला, बैलगाडीच्या मागच्या बाजूलाही चालते. पाठीवर सॅक असेल तर पट्टी सॅकवर हवी, खालच्या जॅकेटवरची झाकली जाते.

आणि चाचणी करताना फोटो काढू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मोबाईलच्या फ्लॅशमध्ये जवळजवळ प्रत्येक पट्टी चांगलीच दिसते.