बागेतली नक्षी, शेतातला हळद्या: पिवळ्या पानांचा इतिहास

१/ मुळशी खोऱ्यातील शेतघरांच्या कुंपणालगत जास्वंद डोलते. बांधापलीकडे भेंडीचे वाफे असतात. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती. या कुळातील पानांवर उमटणाऱ्या पिवळ्या जाळीला इतिहासात दोन नावे मिळाली: बागेत नक्षी, शेतात हळद्या.

२/ इ. स. १८६८. वेस्ट इंडिजहून लंडनच्या व्हीच यांच्या रोपवाटिकेत अ‍ॅब्युटिलॉनचे एक झुडूप पोहोचले. हे आपल्याकडील मुद्रा या वनस्पतीचे भावंड. त्याची पाने हिरवी-पिवळी चितारलेली होती. युरोपातील बागांना ती इतकी भावली की कलमे बांधून त्याचा प्रसार करण्यात आला.

३/ लवकरच एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. चितारलेली फांदी निरोगी झाडावर बांधली, की मूळ झाडाची नवी पानेही तशीच चितारली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ एर्विन बाउर यांनी हे संसर्गजन्य असल्याचे प्रतिपादन केले. जिला शोभा मानले, ती व्याधी होती.

४/ इकडे मुंबई इलाख्यात हीच लक्षणे शेतकऱ्याच्या मुळावर आली होती. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडत, फळे फिकट व राठ होत. १९२४ मध्ये जी. एस. कुलकर्णी यांनी या रोगाची नोंद केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचे दाखवले.

५/ पण तो शेतभर पसरतो कसा? १९४६ मध्ये ब्राझीलमध्ये अ‍ॅब्युटिलॉनच्या रोगाचा वाहक सापडला: पांढरी माशी. १९५० मध्ये कपूर आणि वर्मा यांनी भेंडीच्या रोगाचा वाहकही तीच असल्याचे सिद्ध केले. हे दोन्ही विषाणू आज बेगोमोव्हायरस या एकाच गटात मोडतात.

६/ पुढे प्रतिकारक्षम वाणांचा शोध सुरू झाला. 'पुसा सावनी'ची प्रतिकारशक्ती कालांतराने ढासळली. १९८० च्या दशकात मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीचा तिच्या एका आप्त जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा वाण दिला.

७/ चितारलेल्या पानांचे अ‍ॅब्युटिलॉन आजही शोभेसाठी विकले जाते. एकाच गटातील विषाणूंनी एका बागेचे मोल वाढवले आणि एका शेताचे पीक बुडवले. म्हणून रोपवाटिकेत अचानक पिवळी जाळी धरलेले झुडूप दिसले, तर आधी पान उलटून पाहावे. पांढरी माशी खालच्या बाजूस बसते, आणि तिला कुंपण ठाऊक नसते.