पंचायतनातील पाषाण

देवघरातील पंचायतन पूजेत घडीव मूर्तींऐवजी निसर्गतः सापडणारे पाच पाषाण पूजण्याची स्मार्त परंपरा आहे. विष्णूसाठी नेपाळमधील गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा दगड, देवीसाठी आंध्रातील सुवर्णमुखीचा पाषाण आणि सूर्यासाठी स्फटिक. ज्याचे जे आराध्य, ते मध्यभागी.

यांत सर्वाधिक कुतूहल शाळिग्रामाचे. त्यावरील ‘चक्र’ म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ॲमोनाइट या समुद्री जीवाच्या कवचाचा ठसा. हिमालयाच्या जागी तेव्हा टेथिस समुद्र होता. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, असे मानतात.

फसगत होते ती मुख्यतः स्फटिकात. बाजारात काचही स्फटिक म्हणून खपवली जाते. खरा स्फटिक म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. मोह्जच्या मापनात त्याचा कठीणपणा ७, तर काचेचा साधारण ५.५, म्हणून स्फटिकाचा काचेवर ओरखडा उमटतो. तो हाताला काचेपेक्षा गार लागतो. आत गोल बुडबुडे दिसल्यास ती काच समजावी. आत धूसर रेषा असलेला स्फटिक मात्र नाकारू नये. स्वस्तात मिळणारी निर्दोष पारदर्शकताच अधिक संशयास्पद.