बाटवणारा पाव आणि गिरणगावचा वडा

मुंबईच्या वडापावाचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा १९६६ हे वर्ष आणि दादर स्थानकाबाहेरील अशोक वैद्य यांची गाडी यांपासून केला जातो. त्या श्रेयाचे इतर दावेदारही आहेत. परंतु पावात पहिला वडा कोणी घातला, हा प्रश्न तसा गौणच मानावा लागतो. ज्या समाजात पाव खाणे म्हणजे धर्म बुडवणे असे समजले जात होते, त्याच समाजातील नाना जातींची माणसे सव्वाशे वर्षांच्या आत भर रस्त्यात उभी राहून तो पाव निःशंकपणे कशी खाऊ लागली, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न होय.

पाव पश्चिम किनाऱ्यावर आला तो पोर्तुगीजांबरोबर. युरोपातील खमीर येथे सहज मिळत नसल्याने गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे व्यावसायिक, पीठ आंबवण्यासाठी माडाची ताजी माडी वापरू लागले आणि ख्रिस्ती वस्त्यांमध्ये हा धंदा पिढीजात झाला. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या वसई परिसरात, विहिरीत पाव टाकून ते पाणी पिणाऱ्या अख्ख्या गावाला बाटवल्याच्या कथा पुढे दीर्घकाळ सांगितल्या जात. त्या कथांत तथ्य किती हे बाजूला ठेवले, तरी पावाच्या एका तुकड्यात गावाचा धर्म बदलण्याचे सामर्थ्य आहे असे लोक मानत होते, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. बटाटाही परदेशी जहाजांतूनच आला, पण तो बाटवणारा ठरला नाही. उलट काही पिढ्यांत तो उपवासाच्या पदार्थांत जाऊन बसला. याचे कारण सोवळ्याच्या नियमांत सापडते. कच्चा कंद कोठूनही आणावा आणि आपल्या चुलीवर शिजवावा, यास हरकत नव्हती; मात्र ज्या अन्नात दुसऱ्याच्या हातचे पाणी मिसळले आहे, ते अन्न करणाऱ्याची जात खाणाऱ्याला चिकटते, अशी समजूत होती. पाव तर परक्याने परक्या पाण्यात भिजवून परक्या भट्टीत भाजलेला, शिवाय माडीने आंबवलेला असल्यामुळे त्याच्या बाबतीत पळवाट उरतच नव्हती.

म्हणूनच सुधारकांनी बंडासाठी पावाचीच निवड केली. दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि जातिभेद आपण मानत नाही हे त्या कृतीने सिद्ध करावे लागे. ही सभा गुप्तपणे चाले आणि सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर ती १८६० च्या सुमारास बंद पडली, यावरून त्या तुकड्याची सामाजिक किंमत लक्षात येते. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे दिली गेल्याचे प्रसिद्ध होताच न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, ओढवले आणि ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुण्यात असा वाद चालू असताना मुंबईतील गिरण्यांना चालू होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली, तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले आणि पुढील काही दशकांत कोकणातून व घाटावरून हजारो पुरुष एकटेच मुंबईत आले. गिरणीत एकत्र राबल्याने जातिभेद आपोआप वितळला, असे जे समजले जाते ते खरे नाही. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे तो उष्टा होतो अशी हरकत घेऊन अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यापासून दूर ठेवले जाई; डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या काळात लावून धरला होता. जेवणाची व्यवस्थाही साधारणतः गाव आणि जात पाहूनच होई. एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे गाववाले आपल्याच भागातील बाईच्या खानावळीत जेवत आणि महिन्याचा हिशेब पगार झाल्यावर चुकता करत. खानावळवाली मात्र वाणसामान उधारीवर किंवा सावकारी व्याजाने आणत असे, त्यामुळे गिरणीचा संप झाला की पहिला फटका तिच्या चुलीला बसे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट खुली केली. वडापावाच्या जनकाविषयी जितके लिहिले गेले, त्याच्या दशांशानेही या खानावळवाल्यांविषयी लिहिले गेले नाही, हा मराठी खाद्येतिहासाचा मोठा दोष म्हटला पाहिजे.

खानावळीच्या चौकटीबाहेरील खाणे दोन दिशांनी वाढले. एकीकडे याझ्द आणि केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी नाक्यानाक्यांवर हॉटेले काढली (धोबीतलावची कयानी १९०४ पासूनची आहे) आणि तेथे चहाबरोबर ब्रून किंवा बनमस्का खाण्याची सवय मुंबईकरांना लागली. पाव घरात आणण्यास बिचकणारा माणूसही तो बाहेर खाऊ लागला. दुसरीकडे दादर-गिरगावात ब्राह्मणी वळणाची स्वच्छ उपाहारगृहे निघाली, त्यांत १९१० चे मामा काणे यांचे नाव ठळक आहे. आले, मिरची, हळद आणि मोहरीच्या फोडणीचा बटाटेवडा अशा ठिकाणी बशीत, चटणीबरोबर मिळे. दोन्ही पदार्थ एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर असूनही एका बशीत येण्यास बराच काळ गेला.

ते एकत्र आले ते रेल्वे स्थानकाबाहेर, आणि यामागे मतपरिवर्तनापेक्षा घाई अधिक होती. गाडीवाला लादीतून एक पाव तोडतो, तो मधोमध चिरतो पण पाठीशी जोडलेला ठेवतो, आत लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी भुरभुरतो, कढईतून काढलेला वडा त्यात दाबतो, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची देतो आणि सगळे रद्दीच्या कागदात गुंडाळून पुढे करतो. बशी लागत नाही, बाकडे लागत नाही, पंगत तर नाहीच. आणि उधारी नसल्याने खाणाऱ्याचे गाव किंवा आडनाव विचारण्याचे कारणही उरत नाही. पावाचा विटाळ सुधारकांच्या गुप्त सभेला मोडता आला नाही तो पाळीला निघालेल्या गर्दीने मोडला, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो. जातिभेद मात्र त्यामुळे गेला नाही. तो फक्त या एका पदार्थापुरता निरुपयोगी झाला.

१९६६ मध्येच स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी तरुणांना अशा गाड्या टाकण्यास उत्तेजन दिले आणि वडापावाला प्रादेशिक अस्मितेचा रंग चढला. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांपैकी असंख्य जण पुन्हा गिरणीत गेले नाहीत आणि त्यांतील कित्येकांनी पोटासाठी वडापावची गाडी लावली. खानावळींचे गिऱ्हाईक आटत गेले त्याच काळात गाड्या वाढत गेल्या.

पाव पुरवणाऱ्या बेकऱ्यांचा प्रश्न आज निराळ्या स्वरूपात पुढे आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतरची चर्चा धूर, भट्टी बदलण्याचा खर्च व पावाचा वाढता भाव यांभोवती झाली.