होम लोन नाकारलं, पण कारणच सांगितलं नाही? बँकेला ते लेखी द्यावं लागतं

"सर, फाईल रिजेक्ट झालीय. कारण सिस्टीममध्ये दिसत नाहीये."

होम लोनसाठी अर्ज केलेल्या अनेकांना येणारा फोन साधारण असाच असतो. तोवर बिल्डरला बुकिंगचे पैसे दिलेले असतात, प्रोसेसिंग फी भरलेली असते. फोन ठेवला की बहुतेक जण लगेच दुसऱ्या बँकेत अर्ज टाकतात, मग तिसऱ्या. नुकसान वाढतं ते इथे. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये राहते. महिनाभरात चार-पाच नोंदी दिसल्या की पुढची बँक आणखी सावध होते. म्हणून आधी कारण शोधायचं, मग अर्ज.

कारण विचारायचा हक्क आहे का?

आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये बँकांसाठी 'फेअर प्रॅक्टिसेस कोड' आणला. सुरुवातीला नकाराचं कारण लेखी कळवण्याचं बंधन 2 लाखांपर्यंतच्या कर्जांपुरतं होतं. मार्च 2007 मध्ये ही मर्यादा काढण्यात आली. तेव्हापासून कर्ज कितीही रकमेचं असो, अर्ज नाकारण्याची मुख्य कारणं बँकेने लेखी कळवायची असतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं.

अडचण अशी की बऱ्याच फाईली डीएसएमार्फत, म्हणजे कमिशनवर काम करणाऱ्या एजंटमार्फत जातात. त्याचा फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे बँकेचं उत्तर नव्हे. फाईल बँकेत 'लॉगिन'च झाली नव्हती, असंही नंतर कळतं. त्यामुळे अर्ज क्रमांक मागून घ्या आणि थेट शाखेला ईमेल करा. दोन ओळी पुरतात: फेअर प्रॅक्टिसेस कोडनुसार अर्ज नाकारण्याची मुख्य कारणं लेखी कळवावीत आणि त्यासाठी पाहिलेल्या क्रेडिट रिपोर्टची प्रत द्यावी. ही प्रत मागण्याची तरतूद 2005 च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायद्यात आहे. "इंटर्नल पॉलिसीनुसार" एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा विचारा: अडचण रिपोर्टची, उत्पन्नाची की प्रॉपर्टीची?

सिबिल 'चांगला' असूनही नकार?

सिबिल हे एका कंपनीचं नाव. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही क्रेडिट रिपोर्ट बनवतात. बँक कोणाचा रिपोर्ट बघेल हे तुमच्या हातात नसतं. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

स्कोअरचा आकडा बघून रिपोर्ट बंद करू नका. खालच्या पानांवर बघा. फेडूनही चालू दिसणारं कर्ज, जुन्या क्रेडिट कार्डावर 'सेटल्ड' हा शेरा, नावसाधर्म्यामुळे चिकटलेलं दुसऱ्याच कुणाचं खातं, मित्राला जामीन राहिलात त्याचे थकलेले हप्ते. यातलं चुकीचं असेल ते दुरुस्त करून घेता येतं. तक्रार 30 दिवसांत सोडवली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. 'सेटल्ड' मात्र खरं असेल तर ते खोडता येत नाही. उरलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करून घेणं एवढंच हातात असतं.

आणि ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही? केवळ जुना रेकॉर्ड नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे.

उत्पन्नाचं गणित त्यामानाने सोपं. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की बँका कचरतात. मोबाईलचा ईएमआयही त्यात मोजला जातो.

दोष फ्लॅटचा असेल तर?

ही शक्यता लोक सर्वात शेवटी तपासतात. बँक तुमच्यासोबत घरही तपासते. वकील मालकीची साखळी बघतो, व्हॅल्युअर जागेवर जातो. महाराष्ट्रात फाईल अडते ती ठरावीक ठिकाणी: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, जमीन एनए नाही, गुंठेवारीतला प्लॉट, मंजूर नकाशापेक्षा वरचा मजला, जुन्या खरेदीखतांपैकी एखादं गहाळ. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असेल, तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अशा वेळी तुमचा स्कोअर 800 असला तरी उपयोग नाही.

महारेरा क्रमांक असला म्हणजे झालं, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती उघडकीस आल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथली घरं विकत घेतलेली कुटुंबं अडकली. बँकेच्या वकिलाने 'नाही' म्हटलं, तर ते कशामुळे हे समजून घेणं म्हणूनच कर्जापेक्षाही महत्त्वाचं. तोच फ्लॅट मंजूर करणारी दुसरी बँक शोधून देतो म्हणणारा एजंट तुमचं भलं करतोच असं नाही.

कधी कर्ज नाकारलं जात नाही, पण रक्कम कमी होते. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. 60 लाखांच्या फ्लॅटची किंमत व्हॅल्युअरने 52 लाख धरली, तर 48 ऐवजी 41 लाख 60 हजारच मिळतील. स्टँप ड्युटी वेगळी.

तक्रार कुठे करायची?

आधी बँकेच्याच तक्रार विभागाकडे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी सीएमएस पोर्टल आहे आणि 14448 हा टोल फ्री क्रमांक. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. लोकपाल कर्ज मंजूर करून देत नाही, तो निर्णय बँकेचाच. पण कारण न देणं, अर्जाला पोच न देणं यावर दाद मागता येते.

राहिले बुकिंगचे पैसे. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात 15 दिवसांच्या आत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापायचं नाही, असं म्हटलंय. त्यानंतर घराच्या किमतीच्या 1 टक्क्यापासून 2 टक्क्यांपर्यंत कपात वाढत जाते. कर्जाचं उत्तर यायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात, म्हणून 'कर्ज नाकारल्यास पूर्ण परतावा' ही ओळ चेक देण्याआधीच लिहून घ्या. पुनर्विक्रीच्या घरात मूळ मालकाला टोकन देतानाही हीच ओळ विसारपावतीत घालता येते.