इंदापूरचा नंबर आणि एक्सेलची तारीख

२०२४ साली निमगाव केतकीतल्या काही शेतकऱ्यांची पीकनुकसानीची यादी माझ्याकडे आली होती. सीएसव्ही फाईल. मी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, दोन नावं नीट केली, सेव्ह केली, पुढे पाठवली. आठ दिवसांनी फोन. "अहो दादा, आमच्या गटाच्या जागी बारा मार्च आलंय. ही कसली जमीन?"

१२/३ ची तारीख झाली होती. शेजारचा ४५/२ मात्र जसाच्या तसा, कारण पंचेचाळीस तारीख कुठल्याच महिन्यात नसते. म्हणून तर नजरेतून सुटलं.

गंमत (गंमत कसली!) अशी, की या नंबरांचं मूळ याच तालुक्यात आहे. पेशवाईनंतर प्रिंगलसाहेबाने दख्खनची मोजणी केली. सारा इतका चढा बसला की लोक शेतं टाकून निघून गेले. मग १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. हद्दीला दगड, प्रत्येक शेताला नंबर, सारा ३० वर्षं कायम. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. बऱ्याच गावांत एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. वाटण्या झाल्या तशी नंबरापुढे तिरकी रेघ आली. बाराचा तिसरा हिस्सा, १२/३. त्या रेघेत भावकीची अख्खी भांडणं असतात.

एक्सेलला त्याचं काय! १२/३ दिसलं की तो चालू वर्ष जोडतो आणि आत १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा ठेवतो. मी घाईघाईने रकाना टेक्स्ट केला, तर ४५३६३ दिसायला लागलं. म्हणजे १२ मार्च २०२४. हिस्सा गेला तो गेलाच.

शास्त्रज्ञही यात सापडलेत. 'मार्च१', 'सेप्ट१' अशा जनुकांच्या तारखा व्हायच्या, शेवटी २०२० पर्यंत जनुकांचीच नावं बदलावी लागली! आपल्याला सातबारा बदलता येत नाही.

तेव्हा डबल क्लिक नको. कोरी वर्कबुक उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग 'ट्रान्सफॉर्म डेटा', आणि गटाच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट'. विचारलं तर 'रिप्लेस करंट' म्हणा. खातेनंबराचंही तसंच करा, नाहीतर पुढची शून्यं गळतात.

माझी फाईल सेव्ह केल्यामुळे बिघडली होती, पण मूळ प्रत मेलमध्ये सापडली. तिच्यावरून यादी पुन्हा केली, एकेक गट सातबाऱ्याशी ताडला आणि त्या शेतकऱ्यालाच आधी वाचून दाखवली.