वंगण : एरंडेलापासून मोटारीपर्यंत

मादन हिप्परगा आणि आळंद तालुक्यातील आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांत ‘वंगण’ हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीपासून नांदत आला आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालावयाचे, ते वंगण. कानडी शेजारी त्यालाच ‘कीलेण्णे’ म्हणतात. तुंबा आणि आस यांच्यामध्ये मोकळी फट असे. तेथे पातळ तेल गळून जाई, दाट एरंडेल चिकटून राही. दाट तेवढे चांगले, ही समजूत बहुधा येथूनच आली असावी, असे आम्हांस वाटते. बैलगाडीपुरती ती खरीही होती.

आरंभीच्या इंजिनांनीही ती खोटी ठरविली नाही. १९०९ साली वेकफिल्ड यांच्या कंपनीने आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांची विमाने एरंडेलावर चालली, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. मात्र तापून तापून त्याचा राळेसारखा चिकट थर बसतो. त्यामुळे पुढे खनिज तेलाने त्याची जागा घेतली.

अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांच्या दाटपणाला क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता-वाहतूक आरंभिली. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. त्यांच्यामागोमाग ‘तीस नंबर’, ‘चाळीस नंबर’ हे शब्द बोलण्यात रुळले. गिअरबॉक्समधले ‘नव्वद नंबर’ ऐकून ते चाळीसच्या दुपटीहून दाट असेल असे कोणासही वाटावे. परंतु गिअर तेलाची मोजपट्टीच निराळी आहे. नव्वद नंबर हे इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्याच आसपासचे असते.

साधे चाळीस नंबरचे तेल ४० अंश सेल्सियसला जितके दाट असते, त्याच्या साधारण एक दशांशच ते १०० अंशांना उरते. हा फरक कमी करणारी दुहेरी क्रमांकाची तेले नंतर आली. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात २०डब्ल्यू-४० सर्वांच्या परिचयाचे झाले. (पद्मिनीचा कारखाना १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद आपल्या शेजारच्या सोलापूरचे.) यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा, त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. असे तेल तापल्यावर घट्ट होते असे पुष्कळजण मानतात. तसे होत नाही; ते इतरांपेक्षा कमी पातळ होते, एवढेच.

नव्या मोटारींच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असे लिहिलेले पाहून आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कलबुर्गीच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे पाण्यासारखे तेल काय टिकणार? शंका रास्त आहे. परंतु इंजिनातील तेलाचे तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेवर अधिक अवलंबून असते. शिवाय बेअरिंगमधील फट आता मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते आणि तेलाच्या वाटाही अरुंद असतात. तेथे दाट तेल घातले, तर सकाळी इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. झीज मुख्यत्वे त्याच वेळी होते, आणि इंधनही अधिक जळते.

याउलट, अंगणात उभ्या असलेल्या जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला नव्या मोटारीचे उरलेले पातळ तेल घालणे हाही तितकाच अविचार. झिजलेल्या, सैल झालेल्या इंजिनात त्याने तेलाचा दाब पडतो आणि धूर वाढतो. तेथे पुस्तिकेतले जुने चाळीसच योग्य. डिझेल मोटारीला धुराची जाळी असेल, तर मात्र केवळ दाटपणा पाहून भागत नाही. कमी राखेचे तेल लागते, आणि त्याची खूण डब्यावर छापलेली असते.